सेन्सर घेण्याआधी व्हॉल्व्ह बघा

गाडीत हवेचा पिवळा दिवा आहे, म्हणजे मागच्या ट्रेलरच्या चाकांवरही कोणाची तरी नजर असेल, असा इथे अमेरिकेत आलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांचा समज असतो. तो खोटा आहे. २००७ च्या सप्टेंबरपासून इथल्या नव्या हलक्या वाहनांना ही यंत्रणा पूर्णपणे सक्तीची झाली, पण ट्रेलर त्या नियमात नाहीत. दहा हजार पौंडांवरची किंवा मागे जुळी चाकं असलेली मोटरहोमही नाहीत. त्यातून ट्रेलरचं एक चाक बसलं तर पुढे स्टिअरिंगवर काही जाणवत नाही. शेजारचं चाक मुकाट्याने भार घेतं आणि थोड्या वेळाने तेही जातं. तेव्हा सेन्सर लावावेत की नाही, यावर वाद नको. कोणते लावायचे आणि कशावर, एवढंच बोलू.

आम्ही फिनिक्सला राहतो. उन्हाळ्यात शहर तापलं की ट्रेलर जोडून आय-१७ ने फ्लॅगस्टाफची वाट धरायची. ट्रेलर ज्याच्याकडून घेतला त्यानेच सेन्सरचा संच बसवून दिला होता. ब्लॅक कॅनियन सिटी मागे पडून चढण सुरू झाली आणि स्क्रीन केकाटायला लागली. उजवीकडच्या मागच्या चाकातली हवा भराभर उतरत होती. कडेला घेतलं, टायर चहूबाजूंनी पाहिला, खिळा कुठेच नाही. चीर होती व्हॉल्व्हच्या बुडाशी, रबरात. टोकाचा सेन्सर जरा हलवला की फुसफुस वाढायची. हवा गेल्याची बोंब ठोकली सेन्सरने आणि हवा घालवलीही त्यानेच. कुंपणानेच शेत खाल्लं! स्टेपनी चढवून पुढे गेलो, पण त्या दिवसापासून सेन्सरच्या जाहिराती वाचणं सोडून मी व्हॉल्व्ह वाचायला लागलो.

हिशोब सोपा आहे. ताशी ६५ मैलांना ट्रेलरचं चाक इतक्या जोराने फिरतं की व्हॉल्व्हच्या टोकावरचे दहा ग्रॅम त्याला बाहेरच्या बाजूला किलोभराच्या ताकदीने ओढतात. कारच्या नेहमीच्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादा ६५ पीएसआय. मोठ्या ट्रेलरच्या टायरात आपण ८० भरतो. जास्त दाबाचे रबरी व्हॉल्व्ह मिळतात, पण तेही टोकावरच्या वजनाने वाकतातच. म्हणून टोपणासारखा बाहेरून बसणारा सेन्सर घेणार असाल तर आधी नटाने आवळलेले धातूचे व्हॉल्व्ह लावून घ्या. ज्यातून सेन्सर न काढता हवा भरता येते ते प्रकार सोयीचे खरे, पण लांब आणि जड. रबरावर ते अजिबात नकोत.

रिमच्या आत बसणारा सेन्सर चोरीला जात नाही, व्हॉल्व्हवर लटकत नाही आणि टायरच्या आतलं तापमान खरं सांगतो. बाहेरचा सांगतो ते बरंचसं व्हॉल्व्हच्या टोकाचं, वारा लागलेलं. मात्र आतल्याची बॅटरी संपली की टायर उतरवावाच लागतो. ट्रेलरला मी बाहेरचे, हलके पसंत करतो, कारण बटणासारखी बॅटरी घरी बदलता येते. मोटरहोमच्या जुळ्या चाकांत आतल्या चाकापर्यंत हातच पोचत नाही. तिथे लवचीक नळ्या जोडून काम भागवणारे खूप आहेत, पण त्या नळ्याच गळतात. तिथे योग्य लांबीचे धातूचे व्हॉल्व्ह किंवा सरळ आतले सेन्सर. मागे कार ओढत असाल तर तिचीही चार चाकं मोजा. सेन्सर आणि स्क्रीन यांच्यात अंतर जास्त असेल तर सिग्नल पुढे ढकलणारा रिपीटर लागतोच. दुकानात दोन फुटांवर सगळंच चालतं.

आता आकड्यांचं. दाब नेहमी थंड टायरचा, निघण्यापूर्वीचा. ८० पीएसआयला दहा अंश फॅरनहाइटमागे दीड-दोन पीएसआयचा फरक पडतो. फिनिक्सच्या सकाळी ८५ अंशांत भरलेली हवा फ्लॅगस्टाफच्या पन्नास अंशांच्या पहाटे सहाएक पीएसआय उतरते. सात हजार फुटांच्या उंचीमुळे गेजवर तीनेक परत चढतात. कमी दाबाचा इशारा मी ७२ वर लावतो, जास्तीचा शंभराच्या थोडा अलीकडे. कारच्या दिव्यासारखी पंचवीस टक्के घट होईपर्यंत वाट पाहणं भरलेल्या ट्रेलरला परवडत नाही. दुपारी चालत्या टायरचा आकडा नव्वदीत गेला म्हणून घाबरून हवा सोडणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका, टायर गार झाला की तो कमी भरलेला निघतो.

सेन्सरला जे दिसत नाही ते तुम्हाला पाहायचंय. टायरवर डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. म्हातारा टायर दाब पूर्ण असतानाही पट्टा सोडतो. सामान भरलेला ट्रेलर ट्रकच्या काट्यावर एकदा घाला, जादा वजन सेन्सर सांगत नाही. आणि नवे टायर टाकायला जाल तेव्हा टायर रिमवर चढण्याआधीच कारागिराला धातूच्या व्हॉल्व्हचं सांगा. एकदा चढवला की पुन्हा उतरवण्याची मजुरी वेगळी घेतात.