अळंबीचे विष आणि ज्युरीचा निर्णय

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात लिऑनगाथा नावाचे एक लहानसे गाव आहे. २९ जुलै २०२३ रोजी तेथील एका घरी पाच माणसे दुपारच्या जेवणाला बसली. जेवायला बोलावणारी एरिन पॅटरसन. पाहुण्यांत तिच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याचे आईवडील, सासूबाईंची बहीण आणि त्या बहिणीचे पती. बेत होता बीफ वेलिंग्टनचा. या पदार्थात गोमांसाच्या तुकड्याला अळंबीचे वाटण थापतात आणि तो मैद्याच्या पारीत गुंडाळून भट्टीत भाजतात. त्या रात्री चारही पाहुण्यांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. ४ आणि ५ ऑगस्टला त्यांपैकी तिघे दगावले. चौथे गृहस्थ कित्येक आठवडे रुग्णालयात काढून वाचले. मृत्यूचे कारण ठरले ‘डेथ कॅप’ या विषारी भूछत्राचे विष.

एरिन पॅटरसनवर खुनाचा खटला भरला गेला. २०२५ च्या एप्रिलअखेरीस मॉरवेल गावी त्याची सुनावणी सुरू झाली. वृत्तपत्रे, नभोवाणी, रोजच्या रोज प्रसारित होणारे ध्वनिकार्यक्रम या सर्वांत दुसरा विषय नव्हता. न्यायालयात जागा मिळावी म्हणून लोक भल्या पहाटे थंडीत रांगा लावत. ही चर्चा आपल्याकडेही पोचली, आणि वर्गात मला एक प्रश्न वारंवार विचारला गेला : “सर, यंत्राने विष शोधून दाखवले म्हणजे खून सिद्धच झाला, नाही का?”

प्रश्न चांगला आहे, पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ते सुटे करणे हा या लेखाचा उद्देश.

प्रथम विषाची ओळख करून घेऊ. डेथ कॅपचे शास्त्रीय नाव ‘ॲमॅनिटा फॅलॉइडीस’. हे कवक मूळचे युरोपातले. ओकसारख्या झाडांच्या मुळांशी त्याचे साहचर्य असते, आणि युरोपातून आणलेल्या अशा झाडांबरोबर ते ऑस्ट्रेलियात पोचले. त्याच्या विषांपैकी महत्त्वाचे म्हणजे अल्फा-अमॅनिटिन. आठ ॲमिनो अम्लांची माळ टोकाला टोक जोडून वर्तुळाकार केली आहे, अशी या रेणूची रचना. ही बांधणी इतकी घट्ट असते की उकळल्याने, भाजल्याने, वाळवल्याने किंवा गोठवल्याने ती मोडत नाही. चवीवरूनही काही कळत नाही. या विषबाधेतून वाचलेल्या अनेकांनी अळंबी रुचकर होती असेच सांगितले आहे. “विषारी भूछत्राने चांदीचा चमचा काळा पडतो” हे आपल्याकडे आणि युरोपातही ऐकू येते. त्यात तथ्य नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या काही संयुगांमुळे, आणि त्यांचा या विषाशी काही संबंध नाही. गोगलगायीने खाल्ले म्हणून भूछत्र खाण्याजोगे ठरवणे तर त्याहून धोक्याचे. गोगलगाय हे विष सहज पचवते. पहिल्या पावसानंतर उकिरड्यावर आणि कुंपणाकडेला ज्या ‘कुत्र्याच्या छत्र्या’ उगवतात, त्यांच्या बाबतीत घरगुती कसोट्यांवर मुळीच विसंबू नये.

हा रेणू आतड्यातून रक्तात आणि रक्तातून यकृतात जातो. आपल्या पेशींच्या केंद्रकात डीएनएवरील मजकूर उतरवून घेणारे ‘आरएनए पॉलिमरेज दोन’ नावाचे एंझाइम असते. ते मिनिटाला हजारो अक्षरे उतरवते. अल्फा-अमॅनिटिन त्याला चिकटले की हा वेग मिनिटाला जेमतेम काही अक्षरांवर येतो. विष एंझाइमच्या नेमके कोणत्या खाचेत बसते, हे रॉजर कॉर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली स्फटिकांवर क्ष-किरण टाकून दाखवून दिले.

मजकूर उतरणे थांबले की नवी प्रथिने होत नाहीत, पण जुन्या प्रथिनांवर पेशी काही काळ तग धरते. या विषबाधेतला सर्वांत फसवा भाग समजतो तो येथेच. जेवणानंतर साधारण सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक काळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात. त्यानंतर रोग्याला बरे वाटू लागते, घरचे निर्धास्त होतात. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत कोलमडते. “जेवणातच विष होते, तर ताटावरच कोणी कसे पडले नाही?” असे विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नाटक-सिनेमातले विष असते.

आता आम्हा पदार्थविज्ञानवाल्यांच्या आवडीचा भाग. हे विष ओळखतात कसे? उरलेल्या अन्नाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा कवकशास्त्रज्ञाला नेहमीच्या खाद्य अळंबीचेच तुकडे ओळखू आले. विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र त्या अन्नात अमॅनिटिन वर्गातील विषांचे अंश मिळाले. यात विसंगती नाही. सूक्ष्मदर्शकाला ओळखण्याजोगा तुकडा लागतो. वाटण झाले की तुकड्याचा आकार जातो, रेणू मात्र राहतो.

रेणू ओळखण्याचे साधन म्हणजे वस्तुमान-वर्णपटमापक. त्याचे अनेक प्रकार आहेत; समजायला सर्वांत सोपा प्रकार उड्डाणकालाचा. नमुन्यातील प्रत्येक रेणूला एक प्रोटॉन चिकटवून धन विद्युत्भार देतात. मग सर्वांना सारख्याच विद्युत्विभवाने ढकलतात. भार सारखा, विभव सारखे, म्हणून प्रत्येकाची गतिज ऊर्जाही सारखी. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, याची निम्मी. तेव्हा जड आयन हळू जाणार, हलका लवकर पोचणार, आणि पोचण्याचा काळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असणार. काळ मोजला की वस्तुमान कळले.

डेथ कॅपमध्ये अल्फाच्या जोडीला बीटा-अमॅनिटिनही असते. अल्फाचे वस्तुमान सुमारे ९१९, बीटाचे सुमारे ९२०. प्रोटॉन धरून ९२० आणि ९२१ घ्या. अल्फाच्या आयनाला नळी पार करायला ५० मायक्रोसेकंद लागत असतील, तर बीटाला किती? ९२१ भागिले ९२० याचे वर्गमूळ सुमारे १.०००५४. म्हणजे फरक ०.०२७ मायक्रोसेकंद, अर्थात २७ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशदेखील सुमारे ८ मीटरच जातो! तरी आजची उपकरणे हा फरक मोजतात.

पण येथे एक मौज आहे. अल्फा-अमॅनिटिनच्या रेणूत ३९ कार्बन अणू असतात. निसर्गातल्या दर शंभर कार्बन अणूंत साधारण एक अणू १३ वस्तुमानाचा, म्हणजे जड समस्थानिक असतो. गणित केले तर अल्फाच्या चतुर्थांशाहून अधिक रेणूंत असा नेमका एक जड कार्बन आलेला असतो, आणि त्या रेणूंचे वस्तुमान होते ९२०, म्हणजे बीटाएवढेच! (सूक्ष्म फरक उरतो, पण तो पकडायला फारच काटेकोर उपकरण हवे.) म्हणून केवळ एका आकड्यावर कोणी निष्कर्ष काढत नाही. आधी क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून नमुना पाठवून निरनिराळी द्रव्ये वेगवेगळ्या वेळी बाहेर काढतात. नंतर आयन फोडून त्याचे तुकडेही मोजतात. शुद्ध विषाच्या नमुन्याशी हे सारे जुळले, तरच ‘सापडले’ असे म्हणतात.

म्हणजे या उपकरणाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले? “या नमुन्यात हा रेणू आहे काय?” एवढ्याच. तो रेणू जेवणात चुकून आला की कोणी मुद्दाम घातला, हे वस्तुमानावरून कळण्याची सोय नाही. आणि मॉरवेलचा सारा खटला याच दुसऱ्या प्रश्नावर उभा होता. जेवणात डेथ कॅप होते, हे आरोपीच्या वकिलांनीही नाकारले नाही. त्यांचे म्हणणे, हा भयंकर अपघात होता : तिला रानातल्या अळंबी गोळा करण्याचा नाद होता, आणि वाळवलेल्या अळंबीच्या डब्यात चुकून विषारी मिसळल्या गेल्या असाव्यात. सरकारी पक्षाचे म्हणणे, तिने हे जाणूनबुजून केले. विशिष्ट हेतू काय होता हे सरकारी पक्षाने सांगितले नाही. कायद्याने ते सिद्ध करणे आवश्यकही नव्हते.

मोबाइल टॉवरच्या नोंदींविषयी तर चर्चेत फारच गोंधळ झाला. त्या शरद ऋतूत, म्हणजे तिकडच्या एप्रिल-मे महिन्यांत, लॉक आणि आउटट्रिम या जवळच्या गावांत डेथ कॅप दिसल्याची नोंद निसर्गनिरीक्षकांच्या एका सार्वजनिक संकेतस्थळावर झाली होती. आरोपीचा मोबाइल त्या सुमारास त्या परिसरात होता काय, हे टॉवरच्या नोंदींवरून तपासले गेले. लोकांचा समज असा की टॉवर म्हणजे जणू नकाशावर टोचलेली टाचणी. वस्तुतः मोबाइल सर्वांत जवळच्या टॉवरशी नव्हे, तर ज्याच्या लहरी त्या घडीला चांगल्या मिळतात त्याच्याशी जोडला जातो. मोकळ्या जागेत लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पण मध्ये टेकडी आली, झाडी आली, की हा हिशेब बिघडतो. टॉवरवरच्या एका ॲंटेनाची व्याप्ती पंख्यासारखी पसरलेली असते, आणि ग्रामीण भागात ती कित्येक किलोमीटर जाते. म्हणून तज्ज्ञाने साक्ष दिली ती ‘संभाव्य’ भेटींची. नोंदीने परिसर सांगितला. झाड सांगितले नाही, मग त्याखालचे भूछत्र कोठून सांगणार?

मग ज्युरीने निर्णय कशावर केला असेल? व्हिक्टोरियात ज्युरीच्या बंद दाराआडची चर्चा उघड करता येत नाही. पण त्यांच्यापुढे काय होते ते सर्वांनी ऐकले. २८ एप्रिल २०२३ ला तिने अन्न सुकवण्याचे विजेचे यंत्र विकत घेतले. जेवणानंतर चौथ्या दिवशी, २ ऑगस्टला, ते कचरा केंद्रात टाकले. त्यावर तिच्या बोटांचे ठसे होते आणि आत डेथ कॅपचे अंश. असे यंत्र आपल्याकडे नव्हतेच, असे ती आधी पोलिसांना म्हणाली होती. ते खोटे होते, हे तिने न्यायालयात कबूल केले. तिच्या स्वतःच्या तपासण्यांत यकृताला इजा झाल्याचे आढळले नाही. पाहुण्यांच्या ताटल्या एका रंगाच्या आणि तिची वेगळ्या रंगाची होती, अशी साक्ष वाचलेल्या गृहस्थांनी दिली.

या यादीतला एकेक पुरावा सुटा घेतला तर त्याचे निरुपद्रवी स्पष्टीकरण देता येते. माणूस घाबरूनही खोटे बोलतो. न्यायमूर्ती ख्रिस्तोफर बील यांनी ज्युरीला याविषयी सविस्तर सूचना दिल्या. खटल्यापूर्वी काही आरोप सरकारने मागे घेतले होते. लोकांना ते वृत्तपत्रांतून आधीच ठाऊक होते. ज्युरीने ते मनातून काढून टाकावेत, असेही बजावले गेले. बाहेर चहाच्या टपरीवर मात्र असे काहीच काढून टाकावे लागत नाही. तेथे ऐकीव गोष्ट आणि प्रयोगशाळेचा अहवाल एकाच तराजूत पडतात.

ही सावधगिरी आपल्याला परकी वाटू नये. १९५९ साली मुंबईत नानावटी खटला चालला, तेव्हा ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीची बाजू उचलून धरली होती आणि शहरात जिकडेतिकडे तोच विषय होता. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते मान्य न झाल्याने प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेथे जन्मठेप झाली. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. भारतात पुढे ज्युरीची पद्धतच राहिली नाही.

मॉरवेलच्या ज्युरीने ३० जूनपासून एकांतात विचारविनिमय केला, आणि ७ जुलै २०२५ रोजी एरिन पॅटरसनला तीन खून आणि एक खुनाचा प्रयत्न यांबद्दल दोषी ठरवले. ८ सप्टेंबरला तिला जन्मठेप सुनावण्यात आली; ३३ वर्षे होईपर्यंत पॅरोल नाही.

शिक्षकांना वर्गात घेता येईल असे एक उदाहरण : डेथ कॅपमध्ये गॅमा-अमॅनिटिन नावाचे तिसरे विषही असते. प्रोटॉन धरून त्याच्या आयनाचे वस्तुमान ९०४. वर सांगितलेल्याच नळीत, ९२० वस्तुमानाच्या आयनाला ५० मायक्रोसेकंद लागतात, तर याला किती लागतील? (उत्तर : सुमारे ४९.५६ मायक्रोसेकंद.)