तळघर सजवण्याआधी ओल तपासा

तळघरात गोदाम करणाऱ्या व्यापारी बांधवांनी आमच्या नुकसानीतून धडा घ्यावा. आम्ही ओल न तपासताच भिंतींवर प्लायवूड ठोकले. पावसाळ्यात मागे लोणा फुटला, लुंग्यांच्या गाठींना बुरशी लागली.

पावसाळ्यात उघड्या भिंतीवर दीड फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून २४ तास ठेवावे. भिंतीकडच्या बाजूस पाणी जमले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडे जमले तर हवेतली, तेव्हा हवा खेळती करावी. भिंतीतली असल्यास आधी बाहेरची गटारे व उतार दुरुस्त करून पाणी पायापासून दूर न्यावे. भेगा खोदून वॉटरप्रूफ सिमेंटने भराव्यात, वर वॉटरप्रूफ लेपाचे दोन हात द्यावेत. एक पावसाळा कोरडा गेला, तरच प्लायवूड ठोकावे. आम्ही घाई केली आणि खर्च दोनदा भरला.