मांगीतुंगीला जाण्यापूर्वी

पावसाळा सरला आणि कापसाची पहिली वेचणी उरकली की आमच्या करमाड परिसरात यात्रांचे बेत सुरू होतात. बागलाणातील मांगीतुंगीचे नाव त्यात हमखास असते. मग दवाखान्यात विचारणा होते, "डॉक्टरसाहेब, मला जमेल का?" विचारणारे बहुधा पन्नाशीच्या पुढचे असतात. कुणाला साखरेची गोळी चालू असते, तर कुणाचे गुडघे कुरकुरत असतात. वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर नुसत्या वयावर ठरत नाही. ते चढण, उतरण आणि आपले जुने दुखणे या तीन गोष्टींवर ठरते.

नाशिक जिल्ह्यात ताहराबादजवळ मांगी आणि तुंगी ही जोडशिखरे आहेत. मांगीची उंची ४३४३ फूट व तुंगीची ४३६६ फूट. जैन बांधवांचे हे सिद्धक्षेत्र आहे आणि २०१६ साली येथे ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्यामुळे जैनेतर मंडळीही मोठ्या संख्येने जातात. पायथ्यापासून पायऱ्यांनी दोन शिखरांमधल्या खिंडीपर्यंत यायचे, एक शिखर करून पुन्हा खिंडीत उतरायचे, मग दुसरे चढायचे आणि शेवटी सगळी वाट उतरायची, असा हा दिवसभराचा क्रम आहे. पायऱ्या साडेतीन हजारांच्या घरात सांगतात. एक पायरी अर्ध्या फुटाची धरली तरी हजार पायऱ्यांमागे पाचशे फूट, म्हणजे पन्नास मजले होतात. आणि चढलेली प्रत्येक पायरी उतरावीही लागते!

सपाटीवरचे चालणे वेगळे

"मी दरवर्षी कचनेरला पायी जातो, मला काय होणार?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कचनेरची वाट लांब असली तरी सपाट आहे. पायऱ्या चढताना शरीराला सपाटीवर चालण्याच्या दुपटीहून अधिक प्राणवायू लागतो आणि हृदयाला तेवढे जास्त काम पडते. म्हणून शेतात दिवसभर उभे राहणाऱ्या माणसालाही चढणीवर धाप लागू शकते.

ही धाप "वर हवा विरळ असते म्हणून" लागते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. विरळ हवेचा त्रास साधारणपणे आठ हजार फुटांच्या वर सुरू होतो. मांगीतुंगी त्याच्या निम्म्याच उंचीवर आहे. तेथे लागणारी धाप श्रमाची असते, नाहीतर हृदय, फुप्फुसे किंवा अंगातले कमी रक्त यांची. थांबल्यावर चार-पाच मिनिटांत ती ओसरली नाही, तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

घरच्या घरी एक साधी चाचणी करा. दोन मजले न थांबता चढा. वर पोहोचल्यावर पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, छातीत जड वाटत असेल, तर बेत ठरवण्याआधी तपासणी करून घ्या. ते जमले, तर महिनाभर रोज जिने चढण्याचा सराव करून एखाद्या रविवारी देवगिरी किल्ला चढून या. ती टेकडी सुमारे दोनशे मीटर उंच आहे आणि आपल्या जिल्ह्यातच आहे. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी पाय काय म्हणतात, ते पाहा.

खरी परीक्षा उतरताना

चढताना दम लागतो म्हणून माणूस सावध असतो. उतरताना तो निर्धास्त होतो आणि इजा तेव्हाच होते. पायरी उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार झेलून धरतो. या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक भार येतो. सत्तर किलोच्या माणसाचा गुडघा प्रत्येक पायरीला दोनशे किलोंहून जास्त भार पेलतो. स्नायू थकला की पाय लटपटतो आणि तोल जातो.

यासाठी पावले छोटी टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, हातात काठी घ्यावी. एका गुडघ्यात दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. चपलेऐवजी मागून बंद, खरखरीत तळव्याचे जुने बूट घालावेत.

मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण

माझे एक रुग्ण गोळी घेऊन, पण "दर्शनानंतरच खाईन" असे म्हणून चढले. पहिले शिखर करून खिंडीत येताच ते असंबद्ध बोलू लागले. मंडळींना वाटले, थकवा आहे. सुनेने प्रसंगावधान राखून साखर खाऊ घातली आणि दहा-पंधरा मिनिटांत ते भानावर आले. रक्तातील साखर फार उतरली होती. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी चढणे जिवावर बेतू शकते. डोस किती कमी करायचा, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर, गोंधळ जाणवताच तीन चमचे साखर खावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. श्रमाचा परिणाम रात्रीपर्यंत राहतो, म्हणून त्या दिवशी रात्रीचे जेवण चुकवू नये.

लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांच्या अंगातले पाणी लवकर कमी होते. त्यांनीही आधी विचारून घ्यावे. पाय दुखतात म्हणून चढण्यापूर्वीच वेदनाशामक गोळी घेणे तर टाळावेच. कोरड पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला घातक ठरते.

पाणी तासाला साधारण अर्धा लिटर, घोटघोट प्यावे. फार घाम येत असेल तर ओ.आर.एस. घ्यावे. ते नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे.

खिंडीतला निर्णय

आपल्याकडून निघणारी मंडळी बहुधा मालेगाव-सटाणामार्गे रात्रभर गाडीत बसून जातात आणि न झोपता पहाटे चढू लागतात. शक्य असल्यास आदल्या संध्याकाळी पोहोचून झोप घ्यावी. पहिले शिखर करून खिंडीत परतलात की दहा मिनिटे बसा आणि स्वतःला विचारा. पाय थरथरतात का? धाप ओसरली का? लघवी झाली का? ऊन किती चढले? एकाही उत्तराने शंका आली तर दुसरे शिखर सोडून द्यावे. हा नियम घरूनच ठरवून निघावे, कारण वर गेल्यावर "आता आलोच आहोत तर" हा विचार भारी पडतो. डोली घेण्यातही कमीपणा नाही.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम ही लक्षणे दिसली तर "पित्त झाले" म्हणून सोडा पीत बसू नये. जागीच बसावे, १०८ क्रमांकाला फोन करावा. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर ३०० मि.ग्रॅ. ॲस्पिरिन चावून खावी. अंग तापून बडबड सुरू झाली तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे आणि वारा घालावा.

परतल्यावर दोन-तीन दिवस मांड्या दुखणे स्वाभाविक आहे, त्यासाठी इंजेक्शनचा आग्रह धरू नये. पण लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. स्नायूंच्या इजेमुळे मूत्रपिंड धोक्यात आल्याची ती खूण असू शकते.

डोंगर कुठे जात नाही. यंदा एक शिखर झाले, तर दुसरे पुढच्या वर्षी करता येईल. घरची सगळी मंडळी ज्या पायांनी गेली, त्याच पायांनी सुखरूप परत यावीत, एवढेच महत्त्वाचे.