भिंत बोलते

मुलांनो, कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये खर्डीनंतर उंबरमाळी स्टेशन लागते. हा शहापूर तालुका. या भागातील वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. ते चित्र समजायला मराठी यावे लागत नाही, उर्दूही नाही.

म्हणूनच जी गोष्ट मुलांना तोंडाने सांगता येत नाही, ती भिंतीवर काढावी.

कधी कधी ओळखीचेच, अगदी घरातले माणूस मुलाला नको तिथे हात लावते आणि "कोणाला सांगू नकोस" असे बजावते. मूल घाबरते. आपलेच काही चुकले असे त्याला वाटते. चूक त्याची नसते! २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा व मुलगी दोघांचेही रक्षण करतो आणि मुलाचे नाव वर्तमानपत्रात छापण्यास मनाई करतो. मुलांसाठी १०९८ हा मोफत फोन क्रमांक आहे. ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली. 'दस-नौ-आठ' म्हणा, लगेच पाठ होते.

पण भिंतीवर रडणारे मूल काढू नका. ते पाहून घाबरलेले मूल आणखी गप्प होईल. त्याच्याजवळ बसून ऐकणारी अम्मी, नानी किंवा शाळेतल्या बाई काढा. आणि १०९८ हा आकडा खाली लिहा, पहिलीतल्या मुलाच्या नजरेसमोर येईल इतका खाली.

शब्दार्थ : सारवणे – लीपना, बजावणे – ताकीद करना, मनाई – मुमानअत