मुक्या सोबत्याचे दुसरे घर

माणसाने जे पशू माणसाळविले, त्यांत कुत्र्याचा क्रम पहिला लागतो. गाय, बैल, घोडा हे त्याच्या दारी येण्याच्या कितीतरी आधी कुत्रा त्याच्या शेकोटीजवळ येऊन बसला होता. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक अतिप्राचीन दफन सापडले. सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीच्या त्या दफनात एक पुरुष व एक स्त्री यांच्या अस्थींबरोबर कुत्र्याच्या एका पिलाच्याही अस्थी होत्या. पिलाच्या दातांची बारकाईने तपासणी करून संशोधकांनी २०१८ साली असे अनुमान मांडले, की ते सुमारे ७ महिन्यांचे असताना मेले. तत्पूर्वी त्याला एक प्राणघातक रोग जडला होता आणि तशाही स्थितीत ते काही आठवडे जगले होते. कोणी ऊब दिल्यावाचून, पाणी पाजल्यावाचून आणि अंग पुसून स्वच्छ ठेवल्यावाचून हे घडणे शक्य नव्हते. आजारी पिलू शिकारीच्या उपयोगाचे नव्हते, राखणीच्याही नव्हते. तरीही कोणीतरी त्याची शुश्रूषा केली. माणूस आणि कुत्रा यांच्या नात्यात उपयोगाबरोबरच ममताही फार प्राचीन काळापासून आहे, हे यावरून दिसून येते.

पुढे माणसाने आपापल्या कामाप्रमाणे कुत्र्यांच्या निरनिराळ्या जाती घडविल्या. मेंढ्यांची राखण करणारे वेगळे, वास घेत माग काढणारे वेगळे आणि दुरून सावज पाहून वाऱ्याच्या वेगाने धावणारे वेगळे. या शेवटच्या प्रकारातील आपल्या दख्खनचा कुत्रा म्हणजे ‘कारवान’. लांबट निमुळते डोके, खोल छाती, बारीक कंबर, आखूड केस आणि खांद्यापाशी सुमारे सव्वादोन फूट उंची, असे त्याचे रूप असते. महाराष्ट्राच्या दक्षिण भागात व लगतच्या कर्नाटकात तो पूर्वापार पाळला जातो. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कुत्र्यांच्या जोपासनेस उत्तेजन दिले. म्हणून त्यास ‘मुधोळ’ असेही नाव मिळाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याच्या चित्राचे तिकीट काढले.

‘कारवान’ म्हणजे वाटसरूंचा तांडा. तांडा म्हटला की आपल्या वाशीम जिल्ह्यातील मुलांना मानोरा तालुक्यातील पोहरादेवीची आठवण होणे स्वाभाविक आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनास रामनवमीला तेथे देशभरातून बंजारा बांधव येतात. या बंजारा समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य व मीठ दूरदूरच्या मुलखांत पोचवीत. या व्यापाराला ‘लदेणी’ म्हणत. रात्री रानात मुक्काम पडला, की गोण्यांची रास, बैल आणि लेकरे यांची राखण तांड्यातील कुत्री करीत. १८६७ साली मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. जो माल बैलांच्या पाठीवरून महिनोन्‌महिने जाई, तो गाडीतून थोड्या दिवसांत जाऊ लागला. लदेणी बसली, तांडे गावोगावी स्थिरावले आणि त्या कुत्र्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम संपले.

कुत्र्याचे काम संपते; त्याची निष्ठा मात्र संपत नाही. हे सांगणारी एक लोककथा तांड्यांच्या जगातूनच आलेली आहे. छत्तीसगढ राज्यातील बालोद जिल्ह्यात खपरी या गावी ‘कुकुरदेव’ नावाचे एक जुने मंदिर आहे. त्याच्याशी ही कथा जोडलेली आहे.

एका बंजाऱ्यावर कर्जाचा प्रसंग आला. गहाण ठेवावयास त्याच्यापाशी दुसरे काहीच नव्हते. म्हणून त्याने आपला आवडता कुत्रा सावकाराकडे ठेवला आणि तो परमुलखी गेला. कुत्रा धन्याची आज्ञा मानून परक्या घरी राहिला. एके रात्री सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल कोठे दडविला, हे कुत्र्याने पाहून ठेवले आणि सकाळ होताच सावकाराला त्या जागी नेले. गेलेले सर्व धन परत मिळाले! सावकाराचे अंतःकरण भरून आले. त्याने सारी हकीकत एका चिठ्ठीत लिहिली, ‘तुमचे कर्ज फिटले’ असे खाली नमूद केले, चिठ्ठी कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळे केले. कुत्रा आनंदाने धन्याकडे धावत निघाला. धन्याने त्याला दुरून येताना पाहिले, आणि हा वचन मोडून पळून आला, असे समजून रागाच्या भरात काठीचा घाव घातला. कुत्रा कोसळला. मग गळ्यातील चिठ्ठी दिसली. पश्चात्तापाने होरपळून त्या बंजाऱ्याने आपल्या कुत्र्याची समाधी बांधली, असे लोक सांगतात.

ही कथा इतिहास म्हणून नव्हे, तर बोध म्हणून वाचावयाची. मुका प्राणी आपली बाजू सांगू शकत नाही. त्याच्या गळ्यातील चिठ्ठी वाचण्याइतका धीर माणसाने धरला पाहिजे, हे तिचे मर्म आहे.

आज हा धीर पुष्कळदा सुटलेला दिसतो. कोणी चपळ, डौलदार कुत्रा पाहून मोहित होतो आणि पिलू विकत आणतो. पिलू वाढते. त्याला रोज धावावयास मोकळे रान लागते; शहरातील दोन खोल्यांच्या घरात ते कासावीस होते. मांजर दिसले की पाठलाग करते, परक्याने अंगाला हात लावलेला त्याला रुचत नाही. यात त्याचा दोष नाही. ज्या गुणांसाठी माणसाने ही जात जोपासली, तेच हे गुण होत. परंतु धनी कंटाळतो. कधी बदलीचे निमित्त होते, कधी आजाराचा खर्च नको वाटतो. मग एके रात्री त्या कुत्र्याला दूरच्या रस्त्यावर सोडून देण्यात येते. गावातील कुत्र्यांना हा परका. अन्न शोधण्याची त्याला सवय नाही. धनी ज्या दिशेने गेला, तिकडे पाहत ते जनावर तेथेच बसून राहते.

अशा कुत्र्यांना उचलून आणणारे, बरे करणारे आणि त्यांना नवे घर मिळवून देणारे लोक आता अनेक शहरांत आहेत. ते कोणाचे नोकर नसतात; केवळ स्वयंप्रेरणेने हे काम करतात. या दयाबुद्धीला आपल्या महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम निघाला. प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने शिपाई लोकांच्या दारची पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. तेव्हा पारशी समाज खवळून उठला. जैन व हिंदू लोकांनीही त्यास साथ दिली आणि शहरातील व्यवहार बंद पडले. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभाई व इतर व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभारण्यात आला, आणि निराधार पशूंना हक्काचा निवारा मिळाला.

निवारा मिळणे ही मोठीच गोष्ट. तथापि निवारा म्हणजे घर नव्हे. एकाच जातीच्या कुत्र्यांसाठी घरे शोधण्याचे कार्य कसे चालते, हे पाहावयाचे असल्यास कारवानाचाच दूरचा भाईबंद जो ग्रेहाउंड, त्याचे उदाहरण घ्यावे. इंग्लंडमधील मँचेस्टर शहरी १९२६ साली ग्रेहाउंडांच्या शर्यती सुरू झाल्या. यंत्राने पळणाऱ्या खोट्या सशामागे कुत्री धावत आणि लोक त्यांवर पैसे लावीत. ग्रेहाउंड बारा वर्षांपर्यंत जगू शकतो. परंतु चौथ्या-पाचव्या वर्षीच त्याचा वेग उणावतो आणि शर्यतीतील त्याचे आयुष्य संपते. उरलेल्या आयुष्याचे काय, हा प्रश्न पुष्कळ धन्यांनी मनाला लावून घेतलाच नाही. तेव्हा १९७५ साली निवृत्त ग्रेहाउंडांना घरे मिळवून देणारी एक संस्था तेथे निघाली. तिच्या स्वयंसेवकांनी हजारो कुत्र्यांना कुटुंबात स्थान मिळवून दिले.

या कार्याच्या पायऱ्या सर्वत्र जवळजवळ सारख्याच असतात. प्रथम भ्यालेल्या कुत्र्याचा विश्वास संपादन करावा लागतो. त्यासाठी एखादा स्वयंसेवक अनेक दिवस एकाच जागी अन्न ठेवून दूर बसून राहतो. मग पशुवैद्याकडून तपासणी, जंतांचे औषध, रेबीजची लस आणि निर्बीजीकरण करून घ्यावयाचे. त्यानंतर कुत्र्याला काही आठवडे वा महिने एखाद्या स्वयंसेवकाच्या घरी ठेवतात. हे त्याचे तात्पुरते घर. शर्यतीच्या कुत्र्याने जिना कधी चढलेला नसतो, काचेचे दार त्याला समजत नाही, पंख्याच्या वा कुकरच्या आवाजाने तो दचकतो. त्याच्या अंगावर मेद थोडा व केस आखूड, म्हणून त्याला मऊ अंथरूण लागते. हे सर्व तेथे हळूहळू शिकविले जाते, आणि तो लहान मुलांशी व इतर प्राण्यांशी कसा वागतो, याचीही नोंद ठेवतात.

शेवटी कायमचे घर शोधावयाचे. मागणी करणाऱ्या प्रत्येकाला कुत्रा देत नाहीत. घरी जागा आहे काय, घरातील सर्वांची संमती आहे काय, गावाला गेल्यास त्याची सोय कोण करील, असे प्रश्न विचारतात. लेखी करार करतात. आणि न जमल्यास ‘रस्त्यावर सोडू नका, आमच्याकडे परत आणा,’ असे बजावून सांगतात. कथेतील चिठ्ठीचेच हे आजचे रूप म्हणावयाचे.

यांतील सर्वांत कठीण काम कोणते? रात्री-अपरात्री धावून जाणे कठीण आहेच. परंतु तात्पुरते घर देणाऱ्याचे काम त्याहून अवघड आहे. ज्याला भरवून, जखमा धुऊन उभे केले, ज्याने पहिल्यांदा शेपूट हालविली ती आपल्याकडे पाहून, त्यालाच एके दिवशी दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे! परंतु त्याने तो कुत्रा आपल्यापाशीच ठेवला, तर रस्त्यावरच्या पुढच्या कुत्र्याला जागा कोठून मिळणार? म्हणून तो डोळे पुसतो आणि रिकाम्या अंथरुणावर नवा पाहुणा आणतो. स्वतःपाशी ठेवण्यासाठी केलेले प्रेम पुष्कळ ठिकाणी दिसते. दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यासाठी केलेले प्रेम विरळा.

विद्यार्थी मित्रांनो, या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमानुसार, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणावाचून सोडून देणे हा अपराध आहे. १९७६ साली आपल्या संविधानात जी मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली, त्यांत सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही एक आहे. परंतु दया डोळस हवी. अनोळखी कुत्र्याला एकट्याने पकडावयास जाऊ नये. वडीलधाऱ्यांना सांगावे, पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की बहुधा कोणताच उपाय चालत नाही. घरी कुत्रा आणण्यापूर्वी त्याचे सारे आयुष्य सांभाळण्याची आपली तयारी आहे काय, हे घरातील सर्वांनी मिळून ठरवावे. आणि वेगवान जातीच्या पिलापेक्षा निराधार कुत्र्याला घर देण्यात उणेपणा नाही, हे लक्षात ठेवावे.

महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी पोचतो. वाटेत भाऊ गेले, पत्नी गेली. शेवटपर्यंत मागे राहिला तो एक कुत्रा. त्याला सोडून रथात बस, असे इंद्र सांगतो. आपल्या आश्रयास आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिर नाकारतो. त्या कुत्र्याचा त्याला आता काहीच उपयोग नव्हता. ना शिकार होती, ना राखण करावयास राज्य होते. होता तो केवळ त्या मुक्या जिवाने टाकलेला विश्वास. आणि तेवढ्यासाठीच राजाने रथाच्या पायरीवरून पाऊल मागे घेतले.

स्वाध्याय

१. ओबरकासेल येथील पिलाच्या अस्थींवरून कोणते अनुमान निघाले?
२. लदेणीचा व्यापार कशामुळे बंद पडला?
३. बंजाऱ्याच्या कुत्र्याची कथा आपल्या शब्दांत सांगा.
४. ‘निवारा म्हणजे घर नव्हे’, या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
५. तात्पुरते घर देणाऱ्याचे काम लेखकाला सर्वांत अवघड का वाटते? तुमचे मत सकारण लिहा.
६. तुमच्या गावातील पशुवैद्यकीय दवाखान्यास भेट देऊन कुत्र्यांच्या लसीकरणाविषयी माहिती मिळवा व दहा ओळींत लिहा.