नाव सोडा, नंबर सांगा

आमच्या घरात पोलीस ठाण्याची पायरी चढणं म्हणजे अब्रू गेल्यासारखं होतं. बाबा म्हणत, "ठाण्यात कायले जा लागते बाप्पा, भल्या माणसाचं तिथं काय काम?" तरी मला आजवर अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतल्या ठाण्यांत मिळून पंधराएक वेळा जावं लागलं. दरवेळी काही ना काही कागद मागायला. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

१. नाव चालत नाही, नंबर चालतो.
अकोल्यात नोकरीला असताना माझी मोटरसायकल चोरीला गेली. फिर्याद दिली, सही केली, घरी आलो. चार महिन्यांनी विमा कंपनीनं कागद मागितले तेव्हा ठाण्यात जाऊन मी नाव, गाव, गाडीचा रंग, सगळी कहाणी सांगितली. मोहररनं (विदर्भात ठाण्यातल्या लेखनिकाला अजून मोहररच म्हणतात) मान वर न करता विचारलं, "गाड्या तं लई जातात भाऊ. अपराध क्रमांक सांगा."

तो माझ्याकडे नव्हता. तारीखही नक्की आठवेना. शेवटी त्या आठवड्यात दिवाळी होती एवढ्यावर त्यानं रजिस्टर चाळलं आणि पाचव्या पानावर मी सापडलो: 'फिर्यादी', वय, धंदा, राहणार. अपराध क्रमांक, तिरपी रेघ, वर्ष. ठाण्याच्या लेखी माणूस एवढाच असतो, आणि एवढा सांगितला तर मिनिटात सापडतो. क्रमांक, तारीख आणि ठाण्याचं नाव तेव्हापासून मी वहीत लिहून ठेवतो. ठाण्याचं नाव यासाठी, की अकोल्यात सिटी कोतवाली, रामदासपेठ, खदान, डाबकी रोड यांच्या हद्दी कुठे सुरू होतात नि कुठे संपतात हे तिथं जन्म काढलेल्यालाही ठाऊक नसतं.

त्या दिवशी मी 'कागदाचे' म्हणून पन्नास रुपये आणि वर चहाही दिला. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत मोफत मिळते हे नंतर कळलं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये ते होतंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १७३ मध्येही आहे, आणि आता फिर्यादीसोबत पीडितालाही तो हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयानं ७ सप्टेंबर २०१६ ला सांगितलं की एफआयआर शक्यतो २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायची. लैंगिक गुन्हे, दहशतवाद असे नाजूक गुन्हे तेवढे वगळले. त्यामुळे हल्ली निम्मं काम मोबाइलवर होतं. पण तिथंही आधी विचारतात जिल्हा, ठाणं, क्रमांक, वर्ष.

२. गाडी सापडली नाही, याचाही कागद असतो.
विमा कंपनीला नुसती एफआयआर पुरत नाही. तपास करूनही चोर मिळाला नाही, हा शेवटचा अहवाल लागतो. आपल्याकडे त्याला 'अ समरी' म्हणतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, तो अ. फिर्यादच खोटी, तो ब. गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी भानगड, तो क. हा अहवाल कोर्टात जातो, म्हणून त्याची प्रत ठाण्यात नव्हे, कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून काढावी लागते. मी तीन महिने चुकीच्या दारात उभा होतो.

३. मर्ग.
मामा दर्यापूरकडच्या शेतात साप चावून गेला. रात्री ओलित करायला गेला होता. घरात रडारड चालू असताना पोलीस आले, पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं, आणि कुणीतरी म्हणालं, "मर्ग दाखल झाला." मामेभावाला वाटलं आपल्यावर गुन्हाच दाखल झाला. त्याचा रात्रभर डोळा लागला नाही.

मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. आधी जुन्या संहितेचं कलम १७४ होतं, आता नव्या संहितेचं १९४. त्यात आरोपी नसतो. पण त्या नोंदीचा क्रमांक, घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल, या तीन कागदांवर घराचं पुढचं वर्ष अवलंबून असतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये मिळतात, आणि सर्पदंशही त्यात बसतो.

आमचं अडलं नावावर. पंचनाम्यात गावात हाक मारायचं नाव, सातबाऱ्यावर पाळण्यातलं, आधारवर तेच पण एक अक्षर वेगळं. तीन कागद, तीन माणसं! पंचनामा लिहिताना हवालदारानं भोवती जमलेल्यांना विचारलं, "नाव काय?" आणि जो पहिला बोलला त्याचं ऐकलं. शेवटी पोलीस पाटलानं लिहून दिलं की हे तिन्ही एकच इसम. पोलीस पाटील म्हणजे सणासुदीला मिरवणारा माणूस, असं मी समजत होतो. त्या दिवशी त्याच्या दाखल्याचं वजन कळलं.

आता आमच्या घरात ठरलेलं आहे: असा प्रसंग आला की एकानं रडायचं नाही. त्यानं आधार कार्ड हातात धरून हवालदाराच्या शेजारी उभं राहायचं आणि नावाचं अक्षरन् अक्षर सांगायचं. क्रूर वाटतं, पण करावं.

४. स्वतःची अटक लपवू नका.
हे जरा सविस्तर सांगतो, कारण ते मला महागात पडलं.

कॉलेजात होतो. कापसाच्या भावासाठी मूर्तिजापूरजवळ रास्ता रोको झाला, त्यात मीही बसलो. दुपारी पोलिसांनी गाडीत घातलं, संध्याकाळी सोडलं. मधल्या वेळात एका आजोबांनी शिदोरीतली भाकर वाटून खाऊ घातली. मला ती सहलच वाटली. एका कागदावर सही घेतली, त्याची कार्बन प्रत मिळाली.

तीन वर्षांनी एका कार्यालयात निवड झाली आणि साक्षांकन नमुना हातात आला. त्यात ओळीनं प्रश्न: कधी अटक झाली का? स्थानबद्ध केलं होतं का? खटला चालला का? बंधपत्र घेतलं का? शिक्षा झाली का? घरचे म्हणाले, 'नाही' लिही, तो काय गुन्हा होता? मी 'नाही' लिहिलं. दोन महिन्यांनी पत्र आलं: माहिती दडवली, निवड रद्द.

अटकेमुळे नोकरी गेली असं नाही. 'नाही' या शब्दामुळे गेली.

कलम १५१ खालची ती प्रतिबंधक कारवाई होती, आताचं १७०. गुन्हा घडू नये म्हणून ताब्यात घेतात, चोवीस तासांच्या आत सोडतात. दोष सिद्ध होण्याचा प्रश्नच नसतो. पण स्टेशन डायरीत नोंद राहते, आणि चारित्र्य पडताळणीचा कागद ठाण्यात पोचला की गोपनीय शाखेचा शिपाई ती नोंद शोधतो. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २१ जुलै २०१६ ला हे नीट मांडलं: उमेदवारानं खरं सांगितलंच पाहिजे. आणि क्षुल्लक प्रकरणात, उदाहरण म्हणून न्यायालयानं तरुण वयात घोषणा देणं हेच घेतलं, मालकानं वाटल्यास दडवलेलंही माफ करावं. म्हणजे नेमकी माझी गोष्ट. निकाल आला तेव्हा मी पन्नाशीकडे झुकलो होतो.

दुसऱ्या निवडीच्या वेळी मी शहाणा झालो होतो. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला, त्या तारखेची माझ्याबाबतची नोंद मागितली. तिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: सदर इसमास प्रतिबंधक कारवाईखाली ताब्यात घेऊन त्याच दिवशी मुक्त करण्यात आले, गुन्हा दाखल नाही. ती ओळ जोडून नमुन्यात 'होय' लिहिलं. आज निवृत्तीला आलो.

आपल्या भागात अशी माणसं कमी नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये अकोल्यात माजी केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा कापूस आणि सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांसोबत पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर बसले होते, त्यांनाही ताब्यातच घेतलं होतं. सिन्हांना काही कुणी साक्षांकन नमुना देणार नाही. शेतकऱ्यांच्या पोरांना देईल. आंदोलनाचे खटले मागे घेतल्याची बातमी आली म्हणूनही निर्धास्त राहू नका. सरकारनं ठरवलं तरी खटला मागे घ्यायला कोर्टाची परवानगी लागते, आणि तो कोर्टाचा आदेश तुमच्या हातात हवा.

५. कोणता दाखला, कुणासाठी, हे आधी विचारा.
पुतणीला परदेशी जायचं होतं. तिनं ऑनलाइन चारित्र्य प्रमाणपत्र काढलं, पैसे भरले, आणि वकिलातीनं ते परत केलं. खासगी नोकरीला, सुरक्षारक्षकाला, कंत्राटदाराला लागतं ते जिल्हा पोलिसांचं. परदेशासाठीचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) पासपोर्ट कार्यालय देतं, फी ५०० रुपये. आम्हाला कार्यालय लागतं नागपूरचं, पण २८ सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही पीसीसीचा अर्ज चालतो.

अमरावतीकरांना आणखी एक गंमत. राजापेठ, गाडगेनगर, फ्रेजरपुरा, बडनेरा ही ठाणी आयुक्तालयाची. दर्यापूर, परतवाडा, वरूड ही ग्रामीण अधीक्षकांची. पुतणीचा एक पत्ता इकडचा, एक तिकडचा. दोन्हीकडचे हवालदार येऊन चहा पिऊन गेले.

६. पोच.
अर्ज दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही. तोंडी 'उद्या या' याला किंमत शून्य. सेवा अधिसूचित असेल आणि मुदत टळली, तर लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अपील करता येतं, कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपील करायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. अर्जात कायद्याचं नाव लिहिलं की कागद आपोआप हलतो, हा अनुभव.

७. शेजाऱ्याला अटक झाली तर.
अटकेच्या कागदावर घरच्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही लागते. १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून हे आहे. तुम्हाला बोलावलं तर जा, आणि सही करण्याआधी अटकेची वेळ वाचा. रात्रीची अटक सकाळची दाखवली असेल तर सही करू नका.

माझ्या रास्ता रोकोची ती कार्बन प्रत परवा ट्रंकेत सापडली. कागद धड आहे, अक्षर एकही उरलेलं नाही. तुमच्या घरात अशी एखादी प्रत असेल तर आजच तिच्यावरचा क्रमांक, तारीख आणि ठाण्याचं नाव वहीत उतरवून घ्या.