वैमानिक मुलीचा संसार

प्रश्न : माझी भाची एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. आम्ही भिवंडीत राहतो. तिच्यासाठी स्थळं पाहायला लागल्यापासून सगळीकडून एकच शंका येते : ‘विमान उडवणारी मुलगी संसार कधी करणार?’ लग्न, मुलंबाळं आणि ही नोकरी वैमानिक खरोखर कशी जमवतात?
– एक वाचक, भिवंडी

उत्तर : जमवतात, आणि पुष्कळ जणी जमवतात. भारतातल्या वैमानिकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे. जगात ते ५ टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्याकडे सासर-माहेरची माणसं मुलांसाठी हाताशी असतात, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

आधी वेळेचा हिशेब पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार वैमानिकाला सात दिवसांत ३५ आणि वर्षात १००० तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही. आकडा लहान वाटतो, पण तो फक्त हवेतल्या तासांचा आहे. उड्डाणाआधीची हजेरी, दोन उड्डाणांमधलं थांबणं आणि परगावचे मुक्काम त्यात धरलेले नाहीत. २०२५च्या जुलैपासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आहे. घरच्यांच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे. आठवड्यातून दोन रात्री माणसाला सलग विश्रांती मिळते.

अडचण तासांची नसून वेळापत्रकाची आहे. भिवंडीला रातपाळी शिकवायला नको. यंत्रमागांवर दिवसपाळी आणि रातपाळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि इथली घरं त्या तालावर जगली आहेत. पण मागावरच्या कामगाराला आपली पाळी आधीपासून ठाऊक असते. वैमानिकाचा रोस्टर मात्र धुक्याने, पावसाने किंवा एखादा सहकारी आजारी पडल्याने ऐनवेळी बदलतो. गणपती-दिवाळीला सगळे गावी निघतात, म्हणून तेव्हाच विमानं भरलेली असतात आणि तेव्हाच तिला कामावर बोलावतात. सासरी पहिली दिवाळी चुकली तर ती तिने मुद्दाम चुकवलेली नसते.

याहून नाजूक गोष्ट झोपेची. दोन कामांमध्ये किमान १२ तासांची विश्रांती द्यावी लागते. आधीचं काम त्याहून लांबलं असेल तर विश्रांतीही तेवढीच लांबते. ही विश्रांती प्रवाशांच्या जिवासाठी आहे. पहाटे घरी परतलेली सून सकाळी दहा वाजता बंद खोलीत झोपली असेल, तर तीही नोकरीच करत असते. पाहुणे आलेत म्हणून तिला उठवणं हा लाडाचा किंवा शिस्तीचा विषय नाही. माझ्या मते वैमानिकाच्या घरातले बहुतेक रुसवेफुगवे इथेच सुरू होतात. लग्नाआधी यावर स्पष्ट बोलणं झालं तर पुढचं बरंच सोपं जातं.

मुलांचं म्हणाल, तर गरोदरपणात वैद्यकीय नियमांमुळे उड्डाण थांबवावं लागतं. ही तात्पुरती अपात्रता असते, परवाना जात नाही. २०१७पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. परतताना पुन्हा वैद्यकीय तपासणी होते. गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली नसल्याने सिम्युलेटरवर हात बसवूनच ती प्रवासी घेऊन उडते. म्हणजे बाळंतपणानंतर परत येण्याची वाट कष्टाची आहे, पण ठरलेली आहे.

ही वाट नेहमी अशी नव्हती. एअर इंडियाच्या हवाईसुंदरींना नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं किंवा पहिल्यांदा दिवस गेले, तर नोकरी सोडावी लागे. हवाईसुंदरी नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, पण चार वर्षं लग्न न करण्याची अट तेव्हा कायम ठेवली. तुमच्या भाचीला आज जो प्रश्न विचारतात, तो एकेकाळी कंपनीच्या नियमातच लिहिलेला होता. याचा मला आजही राग येतो.

तरीही उडणाऱ्या उडाल्या. सरला ठकराल यांनी १९३६ साली लाहोरला वैमानिकाचा परवाना मिळवला, तेव्हा त्या २१ वर्षांच्या होत्या आणि त्यांची मुलगी चार वर्षांची होती. त्यांचे पती स्वतः वैमानिक होते आणि त्यांचं प्रोत्साहन मोलाचं ठरलं. नोव्हेंबर १९८५मध्ये कोलकाता-सिल्चर उड्डाण पूर्णपणे महिलांनी केलं. त्याच्या कॅप्टन होत्या आपल्या सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. भसीन यांचे पती वैमानिक आहेत आणि मुलांनीही तोच पेशा घेतला. आई सतत घराबाहेर असते म्हणून मुलं त्या नोकरीला कंटाळतात, हे सरसकट खरं नाही.

आता भिवंडीपुरतं. गोदामांचे कंटेनर, अंजुरफाटा आणि माणकोलीची कोंडी तुम्हाला माहीतच आहे. इथून मुंबई विमानतळ गाठायला किती वेळ लागेल हे छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि हजेरीला उशीर म्हणजे विमान अडकणं. नवी मुंबईहूनही आता उड्डाणं होतात, पण तिथला रस्ताही कल्याण-शिळफाट्याच्या गर्दीतून जातो. सासर ठाण्यात असो की भिवंडीत, कामाच्या दिवसांसाठी विमानतळाजवळ राहण्याची सोय लागेल. त्या सोयीचा खर्च आणि भाचीला लागणारी मोकळीक आधीच ठरवा.

पुढच्या स्थळाच्या भेटीत भाचीचा एका महिन्याचा रोस्टर मुलाकडच्यांसमोर ठेवा. मग मुलालाच विचारा : ही दिल्लीत मुक्कामाला आहे आणि रात्री लेकराला ताप आला, तर घरात कोण उठणार? तो ‘मी’ म्हणाला तर बोलणी पुढे न्या. उत्तरासाठी आईकडे बघू लागला, तर ते स्थळ सोडून द्या.